ड्रम कोअर : काही संस्मरणीय प्रयोग

ड्रम कोअर : (ढोल-बिगुल पथक). पितळी सुषिर वाद्ये, नाना प्रकारचे ढोल आणि ध्वज, तलवारी किंवा लाकडी बंदुका खेळविणारे रक्षकदल या तिहींच्या मेळातून मैदानावर संचलन करीत संगीत सादर करणारे युवकांचे पथक. हा प्रकार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिल्या महायुद्धानंतर वाढीस लागला. ‘कोअर’ हा मुळात फ्रेंच शब्द असून लष्करी दल हा त्याचा अर्थ. सामान्य बँडपथकात असणारी क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांसारखी वाद्ये ड्रम कोअरमध्ये नसतात. वयोमर्यादा साधारणपणे एकवीस वर्षांची असते. प्रयोग दहा ते तेरा मिनिटांचा. परंतु तेवढ्यासाठी पथकातील मुलेमुली अखंड उन्हाळा शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपून, रात्री बसने प्रवास करून आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करून घालवितात. एकविसावे वर्ष संपले की पथक कायमचे सोडावे लागते. त्यामुळे हंगामाची अखेरची रात्र अनेकांच्या दृष्टीने निरोपाचीही रात्र असते.

या कलाप्रकाराला स्पर्धेचे रूप पहिल्यापासून आहे व प्रत्येक प्रयोगाला गुण दिले जातात. तथापि, गेल्या शंभर वर्षांत या क्षेत्रातील लोकांनी जे क्षण जपून ठेवले, ते सर्वच विजेत्यांचे नाहीत. प्रेक्षकांना जे भावले आणि परीक्षकांनी जे मान्य केले, ते कधी एक ठरले, तर कधी अगदी विरुद्ध. ड्रम कोअरच्या इतिहासातील बहुतेक वाद या तफावतीतून निघालेले आहेत.

वाद्ये व मैदान : आरंभीची पथके सैन्याच्या शिलकी साठ्यातील साधे बिगुल वापरीत. बिगुल ही झडप नसलेली नळी असल्याने तीतून एका मूलस्वराच्या नैसर्गिक स्वरश्रेणीतीलच मोजके स्वर निघतात. सप्तक पुरे होत नाही. पुढे त्याला एक आडवी दट्ट्याची झडप आणि मग स्वर अर्ध्याने उतरविणारी सरक-नळी किंवा चक्राकार झडप यांची जोड मिळाली. दोन झडपांच्या बिगुलांना १९७७ मध्ये, तर तीन झडपांच्या बिगुलांना १९९० मध्ये मान्यता मिळाली. मर्यादित स्वरांत सिंफनी किंवा जॅझ वाजवावयाचे म्हणजे एकेक सुरावट निरनिराळ्या वादकांत वाटून द्यावी लागे. ही अडचणच या पथकांच्या खास नादाला कारण झाली, असे जुने जाणकार मानतात व त्यात तथ्य आहे. ‘जी’ या मूलस्वराच्या बिगुलाचा नाद सामान्य कॉर्नेटपेक्षा धारदार असे आणि सर्व वाद्यांची मुखे एकाच वेळी प्रेक्षकांकडे वळली म्हणजे तो अंगावर येई.

प्रयोग अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होतो. त्यावर दर पाच यार्डांवर आखलेल्या पांढऱ्या रेषा कवायतकारांना आयत्याच उपयोगी पडतात. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे मूळ माप. त्यावरून शंभराहून अधिक जणांची जागा प्रत्येक मात्रेला निश्चित करता येते. खरी अडचण ध्वनीची असते. शंभर यार्ड ओलांडण्यास ध्वनीला सु. ०·२७ सेकंद लागतात. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०·३३ सेकंदांची. म्हणजे मैदानाच्या एका टोकाचा वादक दुसऱ्या टोकाचा आवाज ऐकून वाजवू लागला, तर तो जवळजवळ एक मात्रा मागे पडेल. म्हणून वादकांना पुढच्याचे न ऐकता मागून येणाऱ्या ढोलांच्या लयीला धरून राहावे लागते, किंवा कान मिटून केवळ संचालकाच्या हातावर दृष्टी ठेवावी लागते. प्रेक्षकाला याची कल्पना नसते. त्याला जाणवते ती एवढीच, की विखुरलेली शंभर माणसे एका क्षणी एका ओळीत आली आणि एकच स्वर उमटला.

सर्वांत जुना व आजही हमखास परिणाम साधणारा प्रकार म्हणजे ‘कंपनी फ्रंट’. नाव लष्करी आहे. मैदानाच्या मागील भागातून सर्व वादक एकाच सरळ रेषेत, खांद्याला खांदा लावून, चढत्या नादात प्रेक्षकांकडे चालत येतात. यात गुंतागुंत काहीच नाही. रेषा वाकडी झाली, तर मात्र ती शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही दिसते.

माजी सैनिकांचा काळ : अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली व तिच्या १९२१ च्या कॅन्झस सिटी येथील अधिवेशनात पथकांची राष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. त्यानंतर लीजनच्या शाखा, परदेशी युद्धांत लढलेल्या माजी सैनिकांची संघटना आणि कॅथलिक चर्चची युवक मंडळे यांनी गावोगाव मुलांची पथके उभारली. न्यू जर्सी राज्यातील गारफील्ड येथील ‘होली नेम कॅडेट्स’ (१९३४) हे चर्चच्या आश्रयाने निघालेले असेच एक पथक. स्पर्धेचे नियम सैनिकी होते. प्रयोगापूर्वी पोशाखाची तपासणी होई. प्रारंभरेषा व अंतरेषा ठरलेल्या असत आणि वेळ बंदुकीच्या बाराने जाहीर केली जाई. राष्ट्रध्वजाला मानवंदना देण्याचा भाग प्रत्येक प्रयोगात सक्तीचा होता. तो आला की सर्व क्रीडागार उठून उभे राही. पथकांनी ही सक्तीही कलेच्या कामी लावली. प्रेक्षक उभेच आहेत, तर त्यांना पुन्हा खाली बसू न देणारी धून त्याच वेळी वाजवावी, असा विचार करून अनेकांनी आपले सर्वांत जोमदार संगीत ध्वजवंदनासाठी राखून ठेवले.

या काळातील प्रयोगांची स्मृती मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळे टिकली आहे. मॅसॅचूसेट्समधील रिव्हीर येथील फ्लीटवुड या कंपनीने काढलेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकांत केवळ वादन नव्हे, तर त्यावर उसळणारा जनसमुदायाचा आवाजही ऐकू येतो. नव्या पिढीच्या वादकांना पूर्वसूरींची ओळख प्रथम त्यांतूनच झाली. शिकागोच्या ‘रॉयल एअर्स’ या पथकाने १९६५ मध्ये दोन्ही सैनिक-संघटनांची व कॅथलिक युवक संघटनेची, अशी तीनही राष्ट्रीय विजेतेपदे एकाच वर्षी मिळविली. 

दृश्यपरिणामाचा पहिला खरा शोध मात्र वायोमिंग या विरळ वस्तीच्या राज्यातील केस्पर गावच्या ‘ट्रूपर्स’ पथकाच्या नावे आहे. जिम जोन्स यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या या पथकाने एकोणिसाव्या शतकात त्या मुलखात असलेल्या अकराव्या ओहायओ घोडदळाचा निळा पोशाख घेतला आणि गुराखी व सीमाप्रदेश यांच्या कथांशी निगडित संगीत निवडले. सर्व पथक मध्यबिंदूभोवती दाट वर्तुळाकार फिरत येई व नादाच्या शिखराशी किरणांसारखे चहूकडे फुटून जाई. ‘सनबर्स्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना पुढील पिढ्यांनी पुनःपुन्हा केली. सैनिकी चौकटी व समांतर रांगा यांपलीकडे मैदानावर काही चित्र रेखाटता येते, हे तिने प्रथम ठसविले.

१९७२ चे स्थित्यंतर : माजी सैनिकांच्या संघटना पथकांकडे आपल्या अधिवेशनांतील करमणूक म्हणून पाहत. पथकांना प्रवासखर्चही पुरेसा मिळत नसे व नियम ठरविताना त्यांना कोणी विचारत नसे. कॅव्हलियर्स या शिकागोच्या पथकाचे संस्थापक डॉन वॉरेन व ट्रूपर्सचे जोन्स यांच्या पुढाकाराने काही पथकांनी १९७१ मध्ये एकजूट केली आणि तिच्यातून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही पथकांनी स्वतःच चालविलेली संस्था निघाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली व ती कॅलिफोर्नियाच्या ‘ॲनाहाइम किंग्जमेन’ने जिंकली. थोड्याच वर्षांत जुन्या संघटनांच्या स्पर्धांचे महत्त्व संपले. सैनिकी नियमांची सक्ती सैल होताच पथकांनी रंगभूमीकडे मोर्चा वळविला. यापुढील बहुतेक गाजलेले क्षण नाट्याचे आहेत, निव्वळ कवायतीचे नव्हेत.

कॅलिफोर्नियाचे ‘सँता क्लारा व्हॅनगार्ड’ हे १९६७ मध्ये स्थापन झालेले पथक या बदलात अग्रभागी होते. त्याचे संचालक गेल रॉयर हे पेशाने संगीतशिक्षक. ‘फिडलर ऑन द रूफ’ या ब्रॉडवेवरील संगीत नाटकात (१९६४) लग्नप्रसंगी पुरुष डोक्यावर बाटल्या तोलून नृत्य करतात. व्हॅनगार्डने ते नृत्य १९७३–७४ च्या सुमारास मैदानावर आणले. हातांत हात गुंफलेली मुले गुडघे वाकवून, एकेक पाय पुढे झोकत सावकाश सरकू लागत आणि लय हळूहळू वाढत जाई. यात वाद्याचा पराक्रम नव्हता, बंदुकीची फेकही नव्हती. प्रेक्षकांना ते इतके आवडले, की हे ‘बाटली-नृत्य’ पथकाची खूण बनले. पुढे अनेक वर्षांनी, अगदी वेगळ्या प्रयोगातही, त्याची चाहूल लागताच क्रीडागारात गर्जना उठे. १९७३ व १९७४ ही दोन्ही विजेतेपदे व्हॅनगार्डकडे गेली.

न्यू जर्सीच्या बेयॉन शहरातील ‘ब्रिजमेन’ पथकाचा मार्ग याहून उघड विनोदाचा. १९७६ पासून बॉबी हॉफमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सैनिकी गणवेश टाकून पिवळे लांब कोट व रुंद काठांच्या टोप्या चढविल्या. ‘पालियाच्ची’ या इटालियन ऑपेराच्या संगीताच्या अखेरीस सर्व वादक एकदम मूर्च्छा येऊन मैदानावर कोसळत. ज्यांनी आयुष्यभर ताठ मानेची कवायत पाहिली होती, त्यांतील काहींना हा अपमान वाटला. बहुसंख्य प्रेक्षक मात्र खुर्च्यांवर उभे राहिले. या थट्टेमागे कसब नव्हते असे नाही. डेनिस डेलूशिया यांनी तयार केलेला त्यांचा ढोलविभाग १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशात सर्वोत्तम ठरला होता. लहान ढोलांच्या रांगेतील ते जलद, ताशासारखे कडाडणारे बोल इतके एकजीव असत, की अनेक हातांचा एकच हात झाल्यासारखे वाटे.

बॉस्टनजवळच्या रिव्हीर येथील ‘ट्वेंटीसेव्हन्थ लॅन्सर्स’ (स्थापना १९६७) यांना राष्ट्रीय विजेतेपद कधीच मिळाले नाही. तरीही जुन्या प्रेक्षकांना आवडता प्रयोग विचारला, तर या पथकाचे १९८० चे नाव वारंवार पुढे येते. त्या वर्षी लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्येही हे पथक होते. इंग्रज संगीतरचनाकार विल्यम वॉल्टन यांनी १९३७ च्या राज्यारोहणासाठी रचलेल्या ‘क्राउन इंपीरियल’ या संचलनगीतावर त्यांचे रक्षकदल लाकडी बंदुकांची फेकाफेक करी. बंदुका हवेत गरगरत एका रांगेतून दुसऱ्या रांगेकडे जात व झेलणाऱ्याची पावले थांबत नसत. त्यांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘डॅनी बॉय’ ही संथ आयरिश धून. तिला कसल्याही कसरतीची जोड नव्हती. मंद सुरुवातीपासून संपूर्ण पितळी नादापर्यंत चढत जाणारी ती सुरावट ऐकताना प्रेक्षक रडत, असे वर्णन अनेकांनी केले आहे. त्या हंगामात पथक दुसरे आले. १९८६ नंतर ते बंदच झाले. माजी सदस्यांनी १९९४ च्या अंतिम फेरीच्या वेळी एकत्र येऊन पुन्हा एकदा मैदानात पाऊल टाकले, तेव्हा त्यांतील बरेच जण चाळिशीकडे झुकलेले होते. तरीही प्रेक्षकांनी त्यांना स्पर्धक पथकांइतकीच दाद दिली.

झिंगाली व गतिमान चित्रे : लॅन्सर्सच्या कवायतरचना करणारे जॉर्ज झिंगाली (मृत्यू १९९२) हे या क्षेत्रातील सर्वांत प्रतिभावान रचनाकार गणले जातात. त्यांच्यापूर्वी मैदानाचा डावा अर्ध हा उजव्या अर्धाचे प्रतिबिंब असे. पन्नास यार्डांची रेषा म्हणजे जणू आरसा. झिंगाली यांनी ही समतोल मांडणी मोडली. त्यांनी गारफील्ड कॅडेट्ससाठी १९८३ मध्ये रॉन नेल्सन यांच्या ‘रॉकी पॉइंट हॉलिडे’ या रचनेवर बसविलेल्या कवायतीत आकृत्या थांबतच नाहीत. एक आकार पुरा होण्याआधी त्यातून दुसरा ओढला जातो व धावत्या रांगा एकमेकींना छेदून जातात. पाहणाऱ्याची नजर कोठे ठेवावी ते त्याला कळत नाही. आणि अचानक सर्व गोंधळ एका स्वच्छ आकृतीत स्थिरावतो. त्या वर्षी पूर्व किनाऱ्यावरील पथकाने ड्रम कोअर इंटरनॅशनलचे अजिंक्यपद प्रथमच जिंकले. पुढील दोन वर्षेही तेच विजेते ठरले, हा सलग तीन विजयांचा पहिलाच प्रसंग होय.

या नव्या शैलीला एक कोरडे वाटणारे कारणही साहाय्यकारी झाले. जुन्या पद्धतीत परीक्षक हातात फळी घेऊन वादकांच्या रांगांत फिरत व दिसलेल्या प्रत्येक चुकीला एक-दशांश गुण वजा करीत. साहजिकच धाडस करणे तोट्याचे होते. ही वजाबाकीची पद्धत १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात रद्द झाली आणि गुण मिळवीत जाण्याची पद्धत आली. तेव्हापासून पावले लांबली, लय वाढली, पथके अक्षरशः धावू लागली. मोठी तालवाद्ये मैदानाच्या पुढील कडेला जमिनीवर ठेवण्यास १९८२ मध्ये परवानगी मिळाल्याने झायलोफोन व टिंपनी गळ्यात बांधून चालण्याचे कष्टही संपले.

विस्कॉन्सिनच्या ‘मॅडिसन स्काउट्स’चा १९८८ चा विजय मात्र या नव्या विचारांपेक्षा जुन्या जोमाचाच होता. कॅन्झस सिटी येथील त्या अंतिम फेरीत इतर पथके आघाडीवर मानली जात होती. स्काउट्सनी क्यूबन रचनाकार एर्नेस्तो लेकुओना (१८९५–१९६३) यांची ‘मालागेन्या’ ही रचना स्टॅन केंटन यांच्या जॅझवृंदाच्या धर्तीवर वाजविली. तारसप्तकातील बिगुलांची किंकाळीसारखी फेक, खर्जातील वाद्यांचा गडगडाट आणि त्यांवर प्रेक्षकांचा कल्लोळ यांमुळे अखेरचे काही स्वर ध्वनिमुद्रणात नीट वेगळेही काढता येत नाहीत. परीक्षकांनी त्या रात्री प्रेक्षकांशी सहमती दर्शविली. असे प्रसंग थोडे आहेत.

‘स्टार ऑफ इंडियाना’ : उलट बाजूचे उदाहरण म्हणून या पथकाचे नाव घ्यावे लागते. उद्योगपती बिल कुक यांनी ब्लूमिंग्टन येथे उभारलेले हे पथक १९८५ मध्ये प्रथम स्पर्धेत उतरले व त्याच वर्षी अंतिम फेरीत पोचले. मागे संपत्तीचे बळ असल्याने त्याच्याविषयी आरंभापासून असूया होती. १९९१ मध्ये त्याने ओत्तोरीनो रेस्पीगी यांच्या रोमविषयक रचनांवर आधारलेला प्रयोग केला. त्याच्या शेवटी मैदानभर पसरलेला एक प्रचंड क्रूस विरघळतो व त्यातूनच दुसरा क्रूस उभा राहतो. कवायत पुन्हा झिंगाली यांची होती. पथक विजयी झाले व सारे प्रेक्षक उभे राहिले.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच पथकाने सॅम्युएल बार्बर यांचे ‘मीडिया’ व बेला बॉर्टोक यांचे संगीत निवडले. मीडिया ही ग्रीक पुराणातील, सूडापायी स्वतःची मुले मारणारी स्त्री. प्रयोगात नेहमीच्या ध्वजांची रंगीबेरंगी उधळण टाळली होती. संगीत तुटक, कर्कश, आकृत्या टोकदार, टाळी कोठे वाजवावी याची खूण जवळजवळ नाही. काही ठिकाणी प्रेक्षकांनी आरडाओरड करून नापसंती व्यक्त केली. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे झालेल्या अंतिम फेरीत कॅडेट्सनी त्याला केवळ एक-दशांश गुणाने मागे टाकले. त्यानंतर ‘स्टार’ने स्पर्धाक्षेत्र सोडले व रंगमंचीय प्रयोगांकडे आपली शक्ती वळविली, त्यातून निघालेल्या ‘ब्लास्ट’ या कार्यक्रमाला २००१ मध्ये टोनी पारितोषिक मिळाले. १९९३ चा प्रयोग पुढे रचनाकारांच्या अभ्यासाचा विषय झाला. त्यातील शरीराचा वापर, रिकाम्या जागांचा उपयोग व शांततेची जाण यांचे अनुकरण नंतरच्या जवळजवळ सर्व पथकांनी केले. ज्या प्रयोगाची निंदा झाली, त्याचेच ऋण आजच्या टाळ्या घेणाऱ्या प्रयोगांवर आहे. मात्र त्या काळच्या प्रेक्षकांना केवळ अडाणी ठरविणेही रास्त नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला प्रयोगात आपल्यासाठी काही जागा असावी, एवढीच त्यांची मागणी होती.

प्रेक्षकांचा सहभाग : ती जागा इलिनॉयमधील रॉकफर्डच्या ‘फँटम रेजिमेंट’ने २००८ मध्ये अनपेक्षित रीतीने उपलब्ध करून दिली. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ख्यातनाम असलेल्या या पथकाला १९७७, १९७८ व १९७९ अशी सलग तीन वर्षे दुसऱ्या स्थानावर थांबावे लागले होते. १९९६ मध्ये शोस्टाकोव्हिचच्या संगीतावरील प्रयोगाने त्याला कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लू डेव्हिल्स’सह संयुक्त अजिंक्यपद मिळवून दिले, पण एकट्याचे विजेतेपद बाकीच होते. २००८ चा विषय होता स्पार्टाकस, रोमन सत्तेविरुद्ध उठाव करणारा गुलाम. आराम खाचातुऱ्यान यांच्या त्याच नावाच्या बॅलेचे संगीत पथकाने पूर्वीही, १९८१ व १९८२ मध्ये, वाजविले होते. यावेळी कथाच मैदानावर घडविली गेली. स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या १९६० च्या चित्रपटात पकडलेले गुलाम एकामागून एक उठून ‘मीच स्पार्टाकस’ म्हणतात. प्रयोगात पथकातील युवक तीच आरोळी देत. हंगाम पुढे सरकला तशी प्रेक्षकांनी ती उचलली. अंतिम रात्री ब्लूमिंग्टनच्या क्रीडागारात ती चहूबाजूंनी येऊ लागली. सादर करणारे कोण व पाहणारे कोण, हा भेद काही क्षण उरला नाही. निकाल जाहीर झाला तेव्हा फँटम रेजिमेंटचे गुण ९८·१२५ होते आणि दुसऱ्या क्रमांकावरील ब्लू डेव्हिल्सचे ९८·१००. या प्रयोगाइतका लोकप्रिय विजय त्या दशकात दुसरा झाला नाही.

विद्युत साधने व नंतर : दरम्यान वाद्येच बदलली होती. २००० पासून कोणत्याही मूलस्वराची पितळी वाद्ये चालू लागली, २००४ पासून ध्वनिवर्धकांना आणि २००९ पासून संश्लेषक यंत्रांना परवानगी मिळाली. जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी या वेळी पाठ फिरविली. बिगुलाचा तो धारदार नाद गेला ही त्यांची तक्रार खरीच आहे. सर्व वाद्ये स्वच्छ ऐकू आली की नाद अंगावर येत नाही, हेही खरे. पण नव्या साधनांतूनही थरार निर्माण होऊ शकतो, हे ओहायओतील कँटनच्या ‘ब्लूकोट्स’ने दाखविले. ‘टिल्ट’ या २०१४ च्या प्रयोगात संपूर्ण पथकाने धरलेला स्वर विद्युत साधनाच्या साहाय्याने घसरत खाली येई. क्रीडागाराची जमीनच कलल्याचा भास होई आणि लोक हसत, ओरडत उठत. पथक त्या वर्षी दुसरे आले. २०१६ मध्ये त्यांनी मैदानावर मोठ्या घसरगुंड्या उभारल्या. वादक त्यांवर वाजवीत चढत, घसरत आणि पुन्हा धावत वर जात. ‘डाउन साइड अप’ नावाच्या या प्रयोगाने त्यांना पहिले अजिंक्यपद मिळाले. पोशाखातून टोपी व लष्करी झूल या वेळेपर्यंत नाहीशी झाली होती.

पथकांची संख्या मात्र घटत गेली. चर्च व माजी सैनिकांच्या शाखा यांचा आधार सुटला, १९७० नंतरच्या इंधनटंचाईने प्रवास महागला आणि देशभर फिरणाऱ्या मोजक्या पथकांपुढे गावच्या लहान पथकांचा निभाव लागला नाही. सदस्यसंख्येची मर्यादा बराच काळ १२८ होती, ती पुढे १३५ व १५० पर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे मोठी पथके आणखी मोठी झाली. करोनाच्या साथीमुळे २०२० चा हंगाम झालाच नाही व २०२१ मध्ये स्पर्धेवाचून केवळ प्रयोग झाले. व्हॅनगार्ड २०२३ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बाहेर राहून पुढील वर्षी परतले. गारफील्डहून निघालेल्या व दहा अजिंक्यपदे मिळविलेल्या कॅडेट्सना मात्र न्यायालयीन दाव्याचा भार पेलला नाही. नव्वद वर्षांच्या अस्तित्वानंतर २०२४ मध्ये त्यांचे कार्य थांबले.

त्या पिढीतील ‘बॉस्टन क्रूसेडर्स’ (स्थापना १९४०) हे पथक टिकून राहिले. ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या स्थापनेनंतर सत्तावीस वर्षे त्यांना पहिल्या बारांत स्थान मिळाले नव्हते. ते त्यांनी १९९९ मध्ये मॅडिसन येथे प्रथम मिळविले, तेव्हा झालेला जल्लोष त्या वर्षी संयुक्तपणे विजयी झालेल्या ब्लू डेव्हिल्स व व्हॅनगार्ड यांच्या वाट्याला आलेल्या टाळ्यांहून कमी नव्हता. पहिले अजिंक्यपद त्यांच्याकडे २०२५ मध्ये आले.